बदलीला मनाली

त्या साली दिवाळी झाली तरी पावसानं बूड हलवलं नाही. दिंडोरीकडच्या बागाईतदारांनी द्राक्षाच्या छाटण्या आज करू, उद्या करू म्हणत पुढं ढकलल्या आणि शेवटी एकाच आठवड्यात सगळ्यांनी कात्र्या लावल्या. त्यामुळं डिसेंबर सरता सरता सगळ्या बागा एकदमच विरळणीला आल्या. घड भरला की त्यातले जास्तीचे मणी बारीक कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. मणी ज्वारीएवढा असतो तोवर हे काम जमतं. हरभऱ्याएवढा झाला की कात्री आत शिरत नाही, शेजारच्या मण्याला टोचते, आणि टोचलेल्या मण्याची पेटी परदेशी जात नाही. हातात आठ-दहा दिवस आणि बागा चहूकडं. एरवी बायकांना प्यायला पाणी विचारायचं ज्यांच्या जिवावर यायचं, ते बागाईतदार सकाळी सकाळी स्वतः पिकअप घेऊन जांभूळमाळच्या पारापाशी उभे राहायला लागले.

जांभूळमाळ हे पेठ रस्त्यापासून आत दोन कोसांवरचं गाव. भात आणि नागली पिकते ती घरात खायला. बाकीचं वर्ष बायकांच्या हातांवर निघतं. गावात तीन टोळ्या होत्या, त्यात कुसाबाईची नावाजलेली. आठ जोड्यांची टोळी. जोडी म्हणजे दोन बायका. वेलीच्या ओळीला एक या अंगानं, दुसरी त्या अंगानं, दोघींनी एका चालीनं पुढं सरकायचं. एक मागं पडली की दुसरीचं काम खोळंबतं, आणि एक आलीच नाही तर दुसरीनंही घरी बसायचं.

पण जोडी सहसा मोडत नसे, कारण टोळीत जागा माणसाची नव्हती, घराची होती. सकाळी हजेरीला कुणी कुणाचं नाव घेत नसे. "गेणूच्या घरचं?" असं विचारलं की "आलं" म्हणायचं, संपलं. घरात कुणी बाळंत असो, तापानं फणफणलेलं असो, त्या घरानं बदली माणूस द्यायचं. नवसाबाईच्या सासूला बुधवारी अग्नी दिला तर गुरुवारी नवसाबाईच्या जागी तिची चुलत जाऊ कात्री घेऊन उभी. यात खोटं काही आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. ग्रामसभेला, श्रमदानाला, लग्नातल्या पंगती वाढायलासुद्धा बदलीच जायची.

कुसाबाईची जोडीदारीण म्हणजे तिची सून वैष्णवी. चोवीस वर्षांची, बारावी झालेली, हाताला चलाख. कुसाबाईचा मुलगा समाधान सातपूरला एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता, शनिवारच्या सुट्टीला घरी यायचा. लग्नात त्यानं सांगितलं होतं की येत्या दिवाळीला सातपूरला खोली घेऊ. अशा तीन दिवाळ्या झाल्या. पहिल्या दिवाळीला वैष्णवीनं ट्रंक भरून ठेवली होती. तिसऱ्या दिवाळीला तिनं विषयही काढला नाही.

जूनमध्ये घाटमाथ्यावर एका संस्थेनं सरकारी योजनेतून केंद्र उघडलं. शहरातल्या शाळा हल्ली पोरांना डोंगर दाखवायला आणतात. त्या पोरांना कड्यावरून दोरानं उतरवणारी, तंबू ठोकणारी, खरचटलं तर पट्टी बांधणारी माणसं लागतात. ती खेड्यातूनच तयार करायची म्हणून सहा महिन्यांचा फुकट कोर्स, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र आणि नोकरी. दहावी पास एवढीच अट. गावात सगळे पोट धरून हसले. "डोंगर उतरायला शिकवनार? मंग मास्तर म्हनून आमची शेळी न्या की," असं वैष्णवीचा सासरा गेणू चारचौघांत म्हणाला. पण वैष्णवीनं फॉर्म भरला. पावसाळ्यात बागांवर काम नव्हतं आणि केंद्रात दुपारचं जेवण होतं, म्हणून कुसाबाईनंही नाही म्हटलं नाही.

शिकवायला बुद्धभूषण सर होते. तिशीचा, काटकुळा, सातपूरच्या कॉलनीत वाढलेला माणूस. कड्यावर उभं राहून ते सांगायचे, "खालच्यानं दोर धरलाय. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. आवाज पोटातून काढा." वैष्णवीनं लग्न झाल्यापासून मोठ्यानं हाक म्हणून मारली नव्हती. पहिले तीन दिवस तिच्या तोंडून वाफच निघाली. चौथ्या दिवशी ती ओरडली, "दोर ताण!" आणि खाली उभ्या असलेल्या, तिच्याबरोबरच शिकणाऱ्या बंटीनं, पैलवानासारखा दणकट पोरगा तो, क्षणाचाही उशीर न करता दोर ताणला. घरी येताना ती पूर्ण वाट एकटीच हसत होती. आपण बोललो आणि लगेच तसं झालं, हे तिला नवंच होतं.

घरी आल्यावर ती बैलाचं दावं खांबाला बांधून गाठींचा सराव करायची. धाकटी नणंद मनाली शेजारी बसून बघायची, मग तीही करायला लागली. मनाली एकोणीस वर्षांची, दहावीला गणितात राहिलेली, अंगानं चवळीची शेंग. वैष्णवीनं तिला एक एक गाठ शिकवली. चुकली की दाव्याच्या टोकानं तिच्या पाठीत हलकेच मारायची आणि दोघी खिदळायच्या.

नोव्हेंबरात सरांनी वैष्णवीला बाजूला बोलावलं. "धरणावरच्या कॅम्पला मुलींच्या गटासाठी एक बाई हवीये. राहायची सोय आहे. मी पहिलं नाव तुमचं दिलंय. परीक्षा तेवढी पास व्हा." त्या दिवसापासून वैष्णवीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. परीक्षा पास झालं की आपण इथून निघालो, एवढंच ती जाणत होती.

आणि नेमकी विरळणी परीक्षेच्या उरावर आली.

पहिले चार दिवस वैष्णवीच्या जागी टोळीत मनाली गेली. पण मनालीचा हात जड. ती कात्री घडात खुपसायची आणि चार मणी काढताना दोन टोचून ठेवायची. बाग होती निवृत्तीआप्पांची. तिथं माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर यायचा, विशीतला, गॉगल लावलेला. बुधवारी त्यानं एक घड देठासकट तोडला, वर धरला आणि सोळा बायकांपुढं विचारलं, "हे कुणाचं काम आहे? अशा बायका आणता तुम्ही?" कुसाबाईनं मान खाली घातली. वीस वर्षांत तिच्या टोळीला कुणी असं बोललं नव्हतं. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलंसुद्धा नाही.

गुरुवारी दिवेलागणीला ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. वैष्णवी पीठ चाळत होती. पाठमोरी बसूनच कुसाबाई म्हणाली, "उंद्या तू बागात यायचं."

"आत्या, उंद्या परीक्षा हाय ना." सासूला ती आत्या म्हणायची.

"माहिती हाय. तिकडं मनाली जाईल."

"मनाली कुठं जाईल?"

"परीक्षेला. तुझ्या बदलीला."

वैष्णवीच्या हातातली चाळणी थांबली. "आत्या, परीक्षेला बदली चालत नाय."

"का नाय चालत? दोराला लटकायचंच ना? हिला येतं. रोज खांबाला गाठी मारीत बसता दोघी, मला काय डोळे नाय का? कात्री हिला येत नाय. ज्याचा हात जिथं चालतो तिथं त्यानं जावं."

"तिथं माझं नाव हाय, आत्या. सहा महिन्यांचं हाय."

"मंग नाव तुझंच ऱ्हाईल की. तुझं नाव कोन खातंय?"

ओट्यावर बसलेला गेणू तंबाखू मळत म्हणाला, "सर काय वाघ हाय का? मानूसच हाय. घरचं मानूस आलं म्हंजे झालं. आपन काय जागा रिकामी नाय ठेवू ऱ्हायलो."

"मी सकाळी दोन ओळी उरकून जाते. पळत जाते."

"आन् जोडी?" कुसाबाई आता वळली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते की कशानं, कळत नव्हतं. "उंद्या शेवटचा दिस हाय. मनी फुगला. काल त्या येवढ्याशा पोरानं सगळ्या बायांपुढं घड धरला माझ्या म्होरं. तुला काय सांगू. मेल्यावानी झालं मला." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. वैष्णवीनं सासूला रागावलेली हजारदा पाहिली होती, अशी कधी पाहिली नव्हती. तेव्हा आपण हट्टाला पेटलो असतो तर, असं नंतर तिच्या मनात किती वेळा येऊन गेलं त्याला गणती नाही. पण त्या घडीला ती पुन्हा पीठ चाळायला लागली.

सरांना फोन लावून पाहिला, पण घाटमाथ्यावर रेंज नसते. सकाळी पारापाशी पिकअप हॉर्न मारत होती तेव्हा तिनं मनालीला गोठ्याच्या कडेला ओढलं.

"हे बघ, परीक्षा देऊ नको. सरांना निस्तं येवढंच सांग, वहिनीला बागात जावं लागलं, तिला उंद्या घ्या. माझं केंद्राचं कार्ड ने, म्हंजे ते तुला आत घेतील. कळलं?"

"कळलं, वहिनी."

"काय सांगशील?"

"उंद्या घ्या."

वैष्णवी दिवसभर मांडवाखाली मान वर करून उभी होती. विरळणीत मान वर ती वरच. कापलेले मणी तोंडावर पडतात, गळ्यातून आत जातात, औषधाची पांढरी भुकटी पापण्यांवर बसते. दुपारनंतर मानेच्या मागं एक शीर तटतटायला लागते, ती रात्री उशीवर डोकं ठेवलं तरी सुटत नाही. वैष्णवीची कात्री भरभर चालत होती आणि डोकं घाटमाथ्यावर होतं. आता पोरं कड्यावर गेली असतील, आता दोर टाकला असेल. ओळीच्या पलीकडून कुसाबाईची पावलं तिच्या चालीनं सरकत होती. चारच्या सुमाराला बाग संपली. सुपरवायझर ओळींतून फिरला, काही बोलला नाही, म्हणजे पसंत. निवृत्तीआप्पा म्हणाले, "कुसाबाई, सूनबाईचा हात सोन्याचा हाय तुमच्या." कुसाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि घरून आणलेल्या गुळाच्या खड्यातला मोठा तुकडा सुनेच्या हातावर ठेवला. वैष्णवीनं तो तोंडात टाकला. गोड लागला, नाही असं नाही.

मनाली गावाच्या तोंडाशीच वाट बघत उभी होती. दोन्ही कोपरं सोललेली, केसांत माती, आणि तोंडभर हसू.

"वहिनी, उतरले मी!"

"काय उतरलीस?"

"कडा! आख्खा! सगळ्यात आधी!"

"तुला मी काय सांगितलं व्हतं?"

"आगं, सांगनारच व्हते. सर वर कड्यावर व्हते. खाली एक मानूस टेबल लावून बसलेला. त्याला म्हनले, मी वहिनीच्या जागी आले. तो म्हनला, नंबर बोल. तुझं कार्ड दावलं, तेरा. म्हनला, नाव काय लावू? मी म्हनले, जागा तिची हाय, तिचंच लावा. त्यानं लावलं. मंग टोपी दिली. पुन्याहून परीक्षा घ्यायला आलेली एक बाई व्हती, तिनं तेरा नंबरची पाटी हातात देऊन फोटू काढला. मंग वर गेले तर सरांनी माझ्याकडं पाह्यलं. पट्टा ओढून पाह्यला आन् म्हनले, उतर." मग तिला वहिनीचा चेहरा दिसला. "काय झालं? आई म्हनली तसंच तर केलं. मी काय लबाडी केली का?"

खरंच, काय लबाडी केली होती तिनं? टेबलावरच्या माणसाला तिनं धडधडीत खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बागेला सुट्टी होती. वैष्णवी सकाळीच केंद्रावर गेली. बुद्धभूषण सर ओसरीत दोर गुंडाळत बसले होते. तिला बघून उठले, पण नजर दोरावरच ठेवली.

"सर, काल मी नव्हते."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"बसा, वैष्णवीताई."

"नाही बसत."

सरांनी दोराचा वेढा पुरा केला. "पंचवीस नावं आहेत. परीक्षेला वीस तरी हजर पाहिजेत, नाहीतर बॅच रद्द. तुमच्याशिवाय आणखी पाच जण बागांवर गेले. मनाली धरून नेमके वीस भरले. तिला खाली पाठवलं असतं तर एकोणीस. सगळ्यांचे सहा महिने पाण्यात."

"मला आज घ्या. तुम्ही म्हणाल तिथून उतरते."

"तुम्हाला येतं, ते मला का सांगताय? तुम्ही शिकवलं म्हणून तर ती उतरली." ते हताशपणे हसले. "परीक्षेच्या बाईंनी कालच घाट उतरून रेंज मिळताच फोटो वर पाठवले. नंबर तेरा, वैष्णवी, पास. आता मी म्हटलं की ही मुलगी ती नव्हेच, तर तोतया बसवली म्हणून अख्खी बॅच जाईल. बंटी, सगळे. मीही जाईन, पण माझं सोडा."

"पुढच्या बॅचला बसते मग."

"एका आधार कार्डावर एकदाच, ताई. कॉम्प्युटरमध्ये तुम्ही शिकून झालात."

वैष्णवीला त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याचाही राग आला, कारण त्यामुळं नीट भांडताही येईना. ती म्हणाली, "दोर बांधा. मला उतरायचं."

दोघं कड्यावर गेले. त्यांनी दोर ओवला, तिनं स्वतःची गाठ स्वतः मारली, आणि ती पाठीमागं झुकून उतरायला लागली. पाय कातळाला सपाट, कंबर बसती, एक हात मागं, जसं शिकवलं होतं तसं. कुठंही पाय घसरला नाही. तळाशी कुणी नव्हतं, टेबल नव्हतं, पाटी नव्हती. करवंदीच्या जाळीत एक म्हैस चरत होती. तिनं पट्टा सोडला, दगडावर ठेवला आणि वर न बघता घरची वाट धरली.

जानेवारीच्या शेवटी सर मोटारसायकलवर प्रमाणपत्र घेऊन घरी आले. जाड कागद, सोनेरी किनार. नाव वैष्णवी समाधान गायखे. त्याच्याशेजारी लाल टोपीतली मनाली दात काढून हसत होती. गेणूनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं. "आमच्या घरात आलं बघा, सरकारी!"

सरांनी हळूच मूळ विषय काढला. धरणावरच्या कॅम्पवाल्याला फेब्रुवारीपासून बाई हवी आहे. तो प्रमाणपत्रावरचा फोटो बघणार, म्हणजे मनालीलाच जावं लागेल. तिकडं तिला वैष्णवी म्हणतील. निदान तीन महिने तरी, कारण किती पोरं नोकरीला लागली हेसुद्धा वर कळवावं लागतं, आणि कळवलं नाही तर पुढच्या वर्षी केंद्र राहील की नाही सांगता येत नाही.

"मंग जाऊ द्या की मनालीला," कुसाबाई म्हणाली. "घरातलीच हाय. कोनी का जाईना."

वैष्णवी आत चहा गाळत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. सरांनी कप घेताना तिच्याकडं बघितलं.

शनिवारी समाधान आला. तो अंगणातल्या दगडावर बसून दाढी करत होता. वैष्णवीनं आरसा धरला आणि सगळं सांगितलं.

"आगं, मंग काय झालं?" तो गाल फुगवून म्हणाला. "आमच्या कंपनीत निम्मी पोरं दुसऱ्याच्या कार्डावर आत जातात. पोटाला मिळाल्याशी मतलब."

"नाव माझं, जानार ती. मंग मी कोन?"

"तू हायेस ना घरी."

"माझं काम व्हतं ते."

समाधाननं वस्तरा पाण्यात बुडवला. "खरं सांगू का? तुला तिकडं महिना महिना एकटीला ऱ्हाऊ दिलं असतं का मी? लोकं काय म्हनले असते? मनालीचं येगळं, तिचं लगीन व्हयाचंय."

"मंग सहा महिने जाऊ का दिलं?"

"आई म्हनली, जाऊ दे. पावसाळा व्हता. तशीही बसूनच व्हतीस." मग त्यानं हनुवटी वर केली. "आरसा सरळ धर जरा."

तिनं आरसा सरळ धरला. म्हणजे परीक्षा तिनंच दिली असती, पहिली आली असती, तरी अंगणातल्या या दगडापाशी येऊन सगळं थांबणारच होतं. फक्त ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात कात्री हातात घेताना तिला पहिल्यांदा कंटाळा नाही, भीती वाटली. ही मान अशीच वर राहणार, चाळिशी येईल, पन्नाशी येईल, मनगटं कुसाबाईसारखी वाकडी होतील, आणि कुणी अडवलं असं कुणाकडं बोट दाखवता यायचं नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी मनाली तिच्यापाशी येऊन बसली. दिवसभर ती उड्या मारत होती, आता एकदम रडायलाच लागली.

"वहिनी, तू नाय म्हन. तू नाय म्हनलीस तर मी जात नाय. आईला सांगते पोटात दुखतंय."

वैष्णवीच्या अगदी जिभेवर आलं होतं. नको जाऊस. माझं आहे ते. पण उन्हाळ्यात सुरगाण्याकडचं एक स्थळ मनालीला बघायला येणार होतं. नवरदेव पस्तिशीचा, द्राक्षबागेवरच सालाला. मनालीला दहावी नाही, दुसरं काही नाही. ही पोर इथून निसटतेय ती आपल्या नावाला धरून, आणि आपण हात सोडवून घेतला तर दोघी इथंच पडू. वैष्णवीला तिचा हेवा वाटत होता आणि तिच्यासाठी जीवही तुटत होता, दोन्ही एकदम.

"बूट तुला मोठे व्हतील," ती म्हणाली. "पुढं चिंधी कोंब. आन् गाठ मारली की दुसऱ्यांदा हातानं चाचपून बघायची. घाईत विसरते तू."

मनाली गेली. दर रविवारी धरणावरून फोन करायची. नाशिकच्या पोरी किती भित्र्या आहेत, एका मास्तरणीनं कड्यावर कशी रामरक्षा म्हटली, सगळं सांगायची. "तिकडं मला सगळे वैष्णवीताई म्हनतात," असंही एकदा हसत हसत म्हणून गेली.

मार्च लागला. छाटण्या उशिराच्या, म्हणून माल उशिरा तयार झाला. निवृत्तीआप्पांच्या बागेत काढणी सुरू होती. डाव्या हातात घड देठाशी धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, कात्रीनं तोडायचा, नासका मणी काढायचा आणि क्रेटमध्ये कागदावर अलगद निजवायचा. अकराच्या सुमाराला वैष्णवीच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"नमस्कार. प्रशिक्षण योजनेच्या मदत केंद्रातून बोलतेय. वैष्णवी समाधान गायखे बोलत आहेत का?" बोलणारी पोरगी तिच्याच वयाची असावी.

"हो."

"मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय. आपण सध्या नोकरीवर आहात का?"

ओळीच्या पलीकडं कुसाबाईची कात्री थांबली. पानांच्या फटीतून ती सुनेकडं बघत राहिली. वैष्णवीनं तोंड उघडलं. नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. त्या एका शब्दानं चौकशी लागली असती, एका डोंगराळ रिसॉर्टवर कामाला लागलेला बंटी घरी आला असता, सर गेले असते, मनाली परत येऊन अंगणात स्थळापुढं बसली असती. आणि वैष्णवी होती तिथंच राहिली असती.

"मॅडम, आवाज येतोय का?"

"हो, आहे. नोकरीवर आहे."

"कामाचं स्वरूप सांगाल का?"

"कॅम्पवर शिकवते. सकाळी आधी दोर तपासते, हातातून एकेक वीत पुढं सरकवत. कुठं घासलाय का, तुटलाय का. मग मुलींना पट्टे बांधते. ज्या घाबरतात त्यांना आधी पाठवायचं नाही, त्यांना दुसरीला उतरताना बघू द्यायचं. मग त्या आपोआप म्हणतात, आम्ही जातो. कड्याच्या टोकाला पाय लटपटतात. तेव्हा खाली बघ म्हणायचं नाही, माझ्याकडं बघ म्हणायचं..."

"मॅडम, एवढं नको," पोरगी म्हणाली. पलीकडं टाइप केल्याचा आवाज येत होता. "सहायक प्रशिक्षक, असं टाकते. कामाबद्दल समाधानी आहात का? पाचपैकी किती गुण द्याल?"

"पाच."

"शेवटचा प्रश्न. हे प्रशिक्षण मिळालं नसतं तर आज आपण काय करत असता?"

वैष्णवीनं हातातल्या घडाकडं पाहिलं. घामाचा थेंब मण्यावर पडू नये म्हणून तिनं तोंड बाजूला केलं.

"सासूबरोबर बागेत द्राक्षं काढत असते," ती म्हणाली.

"खूप छान, मॅडम. अभिनंदन," पोरगी म्हणाली, आणि फोन कट झाला.

"कोनाचा व्हता गं?" कुसाबाईनं विचारलं.

"माझा," वैष्णवी म्हणाली. मग तिनं फोन कमरेला खोचला, घड क्रेटमध्ये ठेवला आणि सासूच्या बरोबरीला येण्यासाठी एक पाऊल पुढं सरकली.